तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

कांगासकाका कुंपणाशी येऊन उभे राहिले तो मंगळवार होता. जुलै अर्धा उलटला होता आणि हेल्वीचं निम्मंसुद्धा गवत कापून झालं नव्हतं.

"हात हवेत का, हेल्वीबाई?" त्यांनी विचारलं. "गुरुवारी आमचं आटपतंय. आठ-दहा जण आहोत. शुक्रवारी इकडे वळू."

हेल्वीने लांब दांड्याचा विळा जमिनीवर टेकवला आणि पदराने कपाळ पुसावं तसं डोक्याच्या रुमालाने पुसलं. "छे छे, कशाला? तुम्हाला तुमचीच कामं काय थोडी आहेत? आमचं भागेल."

"बरं," काका म्हणाले. टोपीला हात लावून ते चालू लागले.

हेल्वी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. आता वळतील, म्हणतील, "अहो, असं कसं?" मग ती म्हणणार होती, "तुम्हाला उगाच त्रास." आणि मग ते म्हणणार, "त्रास कसला त्यात!" आणि मग ती मान डोलावणार. तिच्या कारेलियातल्या गावात असंच होतं. कुणी कॉफी पुढे केली तरी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा कप घ्यायचा. पहिल्या हाकेला हो म्हणणारी बाई हावरट. लढाईनंतर ते गाव सीमेपलीकडे, शत्रूच्या हाती गेलं. घरं गेली, चर्चची घंटा गेली, बापाची कबर गेली. ही सवय तेवढी गाठोड्यातून आली.

काका वळले नाहीत. बर्चच्या झाडांमागे त्यांची टोपी दिसेनाशी झाली.

ही जमीन हेल्वीच्या घराला निर्वासित म्हणून मागच्या शरदात मिळाली होती. तोवर चार वर्षं परक्यांच्या खोल्यांतून काढलेली. नवरा ताहवो छातीच्या दुखण्याने दूरच्या इस्पितळात पडून होता. घरात ती, सासू, तीन वर्षांची केर्तू, आणि गोठ्यात हेलुना गाय. हेलुनाला हेल्वीने गाव सोडताना दोरीला धरून चालवत आणलं होतं, सतरा दिवस. दूध त्या गाईचंच. ताहवोच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ असे, हेलुना कशी आहे? हिवाळाभर पुरेल इतकं गवत वाळलं नाही, तर गाय खाटकाकडे जाणार, हे घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

बुधवारी हेल्वी पहाटेच शेतात उतरली. पहारेने भोक पाडायचं, खुंट्यांची काठी रोवायची, ओलं गवत खालून वर चढवत जायचं. वाळायला तेच बरं. पण एकटीने कापायचं की चढवायचं? चढवत बसली तर कापणं राहतं, कापत सुटली तर कापलेलं जमिनीवर कुजतं. हातांना फोड आले, फुटले. तिने चिंध्या गुंडाळल्या.

रस्त्यावरून कांगासांकडची माणसं जात होती. दाताळी खांद्यावर, हसणं-खिदळणं चाललेलं. तिच्याकडे बघून टोपीला हात लावत.

"काय कष्टाची बाई आहे!" कुणीतरी म्हणालं. ते तिला स्पष्ट ऐकू आलं.

"पूर्वेकडच्या बायका म्हणजे लोखंड," दुसरा म्हणाला. आणि ते पुढे गेले.

सासूबाई ताक घेऊन बांधावर आल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"कष्ट मी जन्मभर केले," त्या म्हणाल्या. "कष्टात माणूस दमतं, पण त्याला ठाऊक असतं की संध्याकाळी एवढं होणार. तू करतेयस ती बुडणाऱ्याची धडपड आहे पोरी. पाण्यावर हात मारणं. जा, कांगासांना सांग."

"मी नको म्हटलंय, आई. आता कुठल्या तोंडाने जाऊ? एकदा विचारून गेले. अजून विचारायचे आहेत."

"येतील?"

"येतील की. अजून दोनदा बाकी आहे."

सासूबाईंनी ताकाचं भांडं उचललं. त्यांनाही तोच हिशोब ठाऊक होता.

शुक्रवारी सकाळी हेल्वीने राईच्या पिठाच्या पातळ पाऱ्या लाटल्या, बार्लीची लापशी भरून त्यांच्या कडा चिमटल्या. दहा माणसांना पुरतील एवढ्या. उरलेलं लोणी संपलं. मग रुमाल बदलून ती कुंपणाशी उभी राहिली.

दहा-बारा माणसं आली. कोपऱ्यापर्यंत आली आणि डावीकडे, शाळामास्तरांच्या विधवेच्या शेताकडे वळली. कांगासकाकांनी लांबून हात हलवला.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. आणि मिटलं. नंतर ती विळा घेऊन जी सुटली, ती गवत सरळ पडतंय की वाकडं याचंही भान न ठेवता. शनिवारी दुपारी पहिली सर आली तेव्हा आठच काठ्या भरल्या होत्या. बाकी सगळं जमिनीवर. तिने एप्रनमध्ये भरून भरून ते छपराखाली नेलं; केर्तू मागे मागे मूठभर आणत होती आणि विचारत होती, "आई, एवढं पुरे?"

पाऊस सहा दिवस पडला.

सातव्या दिवशी साइमीताई, कांगासकाकांची बायको, दारात उभी राहिली. येताना शेत बघून आली होती. काळं पडलेलं गवत, त्याचा आंबूस वास. ती आत आली नाही.

"आम्ही रोज तुझं कौतुक करत होतो," ती म्हणाली. "बाई एकटी राबतेय, कुणाचे हात नकोत तिला. आमचे हे पोरांना म्हणायचे, तिच्या कामात लुडबूड करू नका." तिने शेताकडे मान वळवली. "एवढं असेल असं वाटलं नाही गं. तू भागेल म्हणालीस."

"म्हणाले खरी."

"आमच्या गोठ्यात एक खुंटा मोकळा आहे, गवतही आहे. तुझी गाय आत्तापासून हिवाळा सरेपर्यंत आमच्याकडे राहील का? दूध तू येऊन काढून ने."

हेल्वीच्या जिभेवर ते आलंच. छे छे, कशाला. दातांपर्यंत आलं. मागे चुलीशी सासूबाईंचं ढवळणं थांबलं होतं. साइमीताईने रुमालाची गाठ घट्ट केली आणि एक पाय पायरीवरून खाली टाकला.

"हो!" हेल्वी म्हणाली.

ते इतकं मोठ्याने निघालं की केर्तू दचकून रडू लागली. एवढी ती शेतातही दमली नव्हती. तिने चौकट धरली.

"बरं," साइमीताई म्हणाली. नवऱ्यासारखंच. "उद्या घेऊन ये." आणि चिखलातून निघून गेली.

सासूबाईंनी पोरीला उचललं. बराच वेळ थोपटत राहिल्या.

"पहिल्याच खेपेला हो म्हणालीस," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्या गावात हावरट म्हटलं असतं तुला."

"गाव राहिलंय कुठे, आई, म्हणायला," हेल्वी म्हणाली, आणि दोरी शोधायला गोठ्याकडे गेली.