एक वाजून दहा, गेटाबाहेर

आरोग्य केंद्राच्या कारकुनाने काटेवालीपुढे फॉर्म सरकवला तेव्हा तो आधीच भरून झालेला होता. सहीची जागा तेवढी कोरी होती. तिथे त्याने पेन्सिलीने एक बारीक फुली मारून ठेवली होती, सही चुकून भलतीकडे व्हायला नको म्हणून.

"इथे करा. तीन आठवड्यांत पैसे खात्यावर."

तिने पेन उचललं नाही. मांडीवरची दीड महिन्याची मुलगी तिने शेजारी बसलेल्या सासूकडे दिली, फॉर्म दोन्ही हातांत धरला आणि वरपासून वाचायला घेतला.

"वाचायचं काय त्यात," कारकून म्हणाला. "सगळ्यांचा हाच असतो."

गावात तिला काटेवाली म्हणत, कारण नऊ वर्षं ती दूध संकलन केंद्रावर वजनकाट्यापाशी बसत होती. कॅन ठेवायचा, आकडा थांबेपर्यंत थांबायचं, वाचायचा, लिहायचा. फॅट तीन पॉइंट सहा आली तर तीन पॉइंट सहा, मग समोर कुणी का उभा असेना. चुलत सासऱ्यांच्या दुधात पाणी निघालं तेव्हा तिने वहीत पाणी लिहिलं. ते वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत, पण दूध तेवढं दाट झालं. लोक म्हणायचे, हिला बोलायला पैसे पडतात आणि खोटं बोलायला दुप्पट पडतात.

फॉर्मवर लिहिलं होतं: प्रसूतीचं ठिकाण, केंद्रातील प्रसूती कक्ष. वेळ, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. प्रसूती कुणी केली, परिचारिका.

"भाऊ," ती म्हणाली, "हे असं झालं नाही."

खरं तर कसं झालं ते त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

दीड महिन्यापूर्वी सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा नवऱ्याने दुधाचा टेम्पो दारात आणला. रिकामे कॅन एका बाजूला सरकवून सासूने गोधडी पसरली. बाळंतपण दवाखान्यात करा, आईच्या खात्यावर अनुदान जमा होईल, असं दोन वर्षांपासून गावोगाव सांगत होते, आणि सासूनेही सुनेचं नाव वेळेत नोंदवून घेतलं होतं. केंद्रापर्यंत दीड तास लागला. पोचले तर लोखंडी गेटाला साखळी, साखळीला कुलूप. गेटावर निळा फलक: चोवीस तास प्रसूती सेवा.

नवऱ्याने हॉर्न वाजवला, गेट हलवलं, शेवटी भिंतीवरून उडी मारून आत जाऊन आला. आत चिटपाखरू नव्हतं. सासूने एकदाच सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता हिला कुठे न्यायचं नाही." गेटाच्या बाजूला भिंतीची सावली होती, तिथे गोधडी अंथरली गेली.

व्हरांड्यातलं घड्याळ गजांमधून दिसत होतं. काटेवालीने कळांच्या मध्ये त्या घड्याळाकडे बघायचं ठरवलं. कुठलातरी आकडा धरून ठेवल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी सासूच्या हातात आली आणि लगेच रडली. सासूने नाळ कापली नाही. स्वच्छ पातं जवळ नव्हतं. तिने मुलीला पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं आणि दोघींवर आपलं लुगडं पांघरलं. एक पंचवीसला सिस्टर स्कूटरवरून आली, मागे लसींचा डबा बांधलेला. तिने स्वतःच्या कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडलं, तिघींना आत घेतलं, नाळ कापली, आणि एक चौतीसला वार पडली, टेबलावर, आत.

"झालं काय, न झालं काय," कारकून आता म्हणत होता. "अहो बाई, मी तुमच्याच फायद्याचं लिहिलंय. बाळंतपण केंद्रात झालं तर अनुदान. बाहेर झालं तर भोपळा. तुम्ही म्हणाल बाहेर, तर मी बाहेर लिहीन, माझं काय जातंय?"

"अर्धं बाहेर, अर्धं आत."

"मग अर्धे पैसे देऊ का?"

मागच्या बाकावर लस टोचायला पोरं घेऊन बसलेल्या दोघी हसल्या. काटेवाली हसली नाही, पण तिला राग आला असंही दिसलं नाही.

"आमच्याकडे गाय व्याली," ती म्हणाली, "तर डॉक्टर वार पडेपर्यंत दावणीपासून हलत नाही. वासरू उड्या मारायला लागलं तरी नाही. वार पडली की मगच वहीत 'व्याली' म्हणून लिहितो. गाईचं बाळंतपण वार पडल्याशिवाय संपत नाही, मग माझंच कसं संपलं? सिस्टर, तुम्ही सांगा, कधी संपतं?"

सिस्टर कोपऱ्यात सुया मोजून ट्रेमध्ये ठेवत होती. तिने मान वर केली नाही.

"वार पडल्यावर," ती म्हणाली. "तीन टप्पे असतात. वार पडणं हा तिसरा."

"म्हणजे संपलं ते आत. पैसे माझ्या हक्काचे आहेत, खोटं न लिहिता."

कारकुनाने खुर्ची मागे ढकलली. "हक्काचे आहेत तर घ्या ना. मी कुठे नाही म्हणतोय? सही करा आणि घ्या. तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

"कुलूप लिहा."

मुलीने जांभई दिली.

"अगं पोरी," सासू खालच्या आवाजात म्हणाली, "कर सही आणि चल. दीड महिना काट्यावर बसली नाहीस, पगार बंद आहे. माझ्या लेकाने याच पैशांवर टेम्पोचे टायर ठरवून ठेवलेत. आणि माझं नाव कशाला घालतेस कागदावर?"

यातलं शेवटचं कारण खरं होतं, हे सुनेला माहीत होतं. सासूने हयातभरात शंभराच्या वर बाळंतपणं केली होती. तीन वर्षांपूर्वी पंचक्रोशीतल्या सगळ्या सुइणींना याच केंद्रात बोलावून सांगण्यात आलं की यापुढे हात लावायचा नाही, लावला तर कारवाई होईल. सांगणाऱ्या बाईने एका कागदावर अंगठा घेतला आणि प्रत्येकीला एक पिशवी दिली. पिशवी वर्षात फाटली. अंगठा अजून कुठल्यातरी फायलीत शाबूत होता, आणि सासूला त्याची धास्ती होती.

"आत्या, तुम्ही हात लावला नसता तर?"

"ते मला विचार. कागदाला नको विचारू."

"माझंही नाव नको कागदावर," सिस्टर अचानक म्हणाली. ती ट्रे खाली ठेवून पुढे आली. तरुण होती, पण डोळ्यांखाली काळं होतं. "कुलूप मी लावलं होतं. वर लिहून गेलं तर पहिली नोटीस मला येईल. पहारेकऱ्याची जागा आठ महिने रिकामी आहे. दुसरी सिस्टर बदली होऊन गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही. लसीकरणाला गेले की इथे मागे कुणी नाही, आणि उघडं टाकून गेले तेव्हा दोनदा औषधं चोरीला गेली. मग मी काय करायचं होतं?"

"कुलूपच लावायचं होतं," काटेवाली म्हणाली. "तुम्ही हे वर कळवलंत?"

"चार वेळा."

"मग?"

"मग काय. त्यांच्याकडे आमचा अहवाल आहे ना." सिस्टरने कारकुनाकडे पाहिलं. "चोवीस तास सुरू. सगळी बाळंतपणं केंद्रात, एकही बाहेर नाही. जिथे सगळं सुरळीत आहे तिथे दुसरी सिस्टर कशाला देतील?"

कारकून टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवत होता. "आकडा कमी गेला की मला बोलावून घेतात," तो म्हणाला. "तुम्हाला नाही बोलावत."

काटेवालीला आता सगळा हिशेब दिसला, जसा तिला कॅनमधला दिसायचा. या एका सहीने प्रत्येकाचं भलं होत होतं. कारकुनाचा आकडा राहत होता, सिस्टरची नोकरी, सासूचा अंगठा, नवऱ्याचे टायर. फक्त तिच्या धाकट्या जावेला सातवा महिना होता. दोन महिन्यांनी तिलाही याच टेम्पोत घालून इथे आणणार होते, आणि जाऊ अंगाने बारीक होती, मागच्या खेपेला तिला रक्तस्राव झाला होता. तिची वार वेळेवर पडली नाही तर भिंतीची सावली काय कामाची?

तिने हे एवढंच बोलून दाखवलं. "आत्या, धाकटीला सातवा आहे."

सासूने मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मग काटेवालीने पेन उचललं. कारकुनाचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ राहिला नाही. 'केंद्रातील प्रसूती कक्ष' या शब्दांवरून तिने एकच सरळ रेघ मारली, पट्टीने मारावी तशी. वर बारीक अक्षरात लिहिलं: बाळ गेटाबाहेर, कुलूप असल्यामुळे, वार आत, टेबलावर. 'एक वाजून चाळीस' वरून दुसरी रेघ. वर दोन वेळा लिहिल्या, एक दहा आणि एक चौतीस. प्रत्येक रेघेशेजारी आद्याक्षरं.

"अहो," कारकून उठून उभा राहिला, "खाडाखोड चालत नाही सरकारी कागदावर."

"खाडाखोड नाही केली. आमच्या वहीत चूक झाली की अशीच एक रेघ मारतात. गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही. आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे, आणि खरं काय ते वर दिसलं पाहिजे. तपासणीला येतात ते हेच बघतात."

त्याने फॉर्म हातात घेतला. रेघेखालून त्याचं स्वतःचं वळणदार अक्षर स्वच्छ वाचता येत होतं.

"हा असा मी पाठवू?"

"पाठवा. नाहीतर कोरा द्या, मी पहिल्यापासून भरते. फाडून टाकायचा असेल तर मला पोच द्या की फाडला."

कारकुनाने दारातून बाहेर पाहिलं, जणू तिकडून कुणी त्याची सुटका करायला येणार होतं. मग त्याने कपाट उघडून कोरा फॉर्म काढला.

"तुमच्यासारख्या आणखी दोन आल्या ना," तो म्हणाला, "तर मी राजीनामा देईन."

"मग तुमचीही जागा रिकामी राहील," सिस्टर म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच हसली.

काटेवालीने भरायला घेतलं. ठिकाण. वेळा. कुलूप का होतं, हे लिहायला ओळ पुरेना, तेव्हा तिने मागच्या बाजूला लिहिलं: सिस्टर एकच, त्या दिवशी आदेशावरून लसीकरणाला, पहारेकरी नाही. सिस्टरने आपली रोजनिशी आणली, आदेशाचा क्रमांक बोटाने दाखवला, आणि तोही तिने उतरवून घेतला. 'प्रसूती कुणी केली' या रकान्याशी ती थांबली.

"वार काढली ते माझं लिहा," सिस्टर म्हणाली. "नाळही मी कापली."

"आणि बाळ?"

सगळे सासूकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. सासूने नातीचं झबलं नीट केलं, मग पुन्हा नीट केलं.

"मी त्या दिवशी नाळ का कापली नाही," ती कारकुनाला म्हणाली, "हे तुमच्या त्या पिशवीवाल्या बाईला सांगा. तिला वाटलं होतं आम्ही विळ्याने कापतो." मग सुनेकडे वळून, "लिही माझं नाव. पूर्ण लिही, बापाकडचं नाही, सासरचं. आणि अंगठा नको. मला सही येते, त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं."

तिने सही केली. तिला बराच वेळ लागला, आणि कुणीही घाई केली नाही.

कारकुनाने शिक्का मारून पोच दिली. "परत येईल," तो म्हणाला. "आधीच सांगतो. शंका काढून परत पाठवतील. पैसे लांबले तर माझ्या नावाने बोंब मारायची नाही."

"येऊ दे परत. परत पाठवायला कुणालातरी वाचावं लागेलच ना."

टेम्पोत नवऱ्याने विचारलं, झाली सही? तिने काय केलं ते सांगितलं. त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "आधी टायर, मग तू, असं ठरवून लग्न करायला हवं होतं." पण गाडी त्याने खड्ड्यांतून जपून चालवली, आणि घरी जाऊन धाकट्या भावाला काहीतरी सांगितलं.

लसीच्या पुढच्या डोसला ती मुलीला घेऊन केंद्रात गेली तेव्हा गेट उघडं होतं. निळ्या फलकाखाली तारेने एक पाटी टांगलेली होती, वर सिस्टरचं खडूचं अक्षर: मंगळवारी व शुक्रवारी दहा ते दोन कुलूप असते. एकच सिस्टर आहे. खाली तिचा फोन नंबर. कारकुनाने ती पाटी दोनदा काढून ठेवली होती आणि सिस्टरने तिसऱ्यांदा लावली होती.

पैसे आले नव्हते. पत्र आलं होतं. कारकुनाने ते तिच्यापुढे ठेवलं, या वेळी पेन्सिलीची फुली नव्हती. वरून तीन प्रश्न विचारले होते. पहिला, प्रसूतीची वेळ एकच का नाही. दुसरा, वार पडणे हे अनुदानासाठी प्रसूती धरावे काय, याबाबत केंद्राचे मत काय. हा प्रश्न कारकुनाने मोठ्याने वाचला नाही, नुसता बोटाने दाखवला. तिसरा प्रश्न अर्ध्या ओळीचा होता: गेटाला कुलूप का होते.

"आजवर हे कुणी विचारलं नव्हतं," सिस्टर मागून म्हणाली.

काटेवालीने मुलीला काट्यावर ठेवलं, आकडा थांबेपर्यंत थांबली, वाचला, आणि सिस्टरला लिहायला सांगितला. मग ती बाकावर बसली, पत्र गुडघ्यावर ठेवलं आणि कारकुनाकडे पेन मागितलं. जावेला आता नववा लागत होता. तिने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहायला घेतलं.