डाव्या अंगाची उघाडी

दुपारी जेवता जेवता चंद्रावतीबाईंच्या डाव्या कुशीत अशी कळ आली, की हातातला घास ताटात पडला. तासाभरात दोन उलट्या झाल्या, अंग तापलं. सून अंकिता त्यांना रिक्षात घालून रोडपालीहून पनवेलच्या दवाखान्यात घेऊन आली.

सोनोग्राफी पाहून डॉक्टर रुचिरा म्हणाल्या, "आजी, डाव्या मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी वाट खड्यानं बंद झालीय. मूत्रपिंड फुगलंय, त्यात ताप. आजच आत बारीक नळी घालून वाट मोकळी करायला हवी. थांबलो तर मूत्रपिंड जाईल, जिवावरही बेतेल."

"आत्ता तर लघवीला जाऊन आले मी. चांगली झाली. मंग बंद काय हाय?"

"ती उजव्या बाजूची."

"एक चालतंय ना? या वयात तेवढं पुरे."

"आई, डॉक्टर त्या हायत का तुमी?" अंकिता वैतागली.

"तू गप. तुला घालू दे नळी."

रुचिरांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली, डावीकडच्या वाटेवर फुली मारली. चंद्रावतीबाई बघत राहिल्या. जासईला आता जिथे कंटेनर रचलेत, तिथे त्यांच्या सासऱ्यांचं मिठागर होतं. दोन भाग, आणि पाणी बाहेर सोडायला प्रत्येकाची वेगळी उघाडी. एका वर्षी अवकाळी पावसात एका उघाडीत ओंडका अडकला. दुसरीतून पाणी धो धो वाहताना दिसत होतं, म्हणून अडलेल्या उघाडीकडे कुणी फिरकलंच नाही. संध्याकाळी बांध फुटला, पंधरा दिवसांचं मीठ विरघळलं. नवी नवरी चंद्रावती रिकामी पाटी घेऊन काठावर उभी होती. सासरे चिखलातच बसले होते.

"म्हंजे एकीकडून वाहतंय म्हणून कुणी बघत नाय, आन् दुसरीकडं पाणी चढत जातं?"

"अगदी तसंच, आजी."

"मंग चित्रं काय काढीत बसलीस पोरी? ने आत."

अंगठा नको म्हणाल्या. संमतीच्या कागदावर सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

नळी घातल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सूजही ओसरली होती. मूत्रपिंड वाचलं होतं.

"खडा अजून आहे," रुचिरा म्हणाल्या. "तीन-चार आठवड्यांनी काढू. तोवर नळी आत राहील."

"राहू दे. खायला थोडीच मागतेय?"

डबा घेऊन अंकिता आली, तेव्हा सासूबाई डाव्या कुशीवर वळून गाढ झोपल्या होत्या. तिने डबा हळूच खाली ठेवला.