चोविसावी जागा

शमीरान आणि डेल्फिना यांची गट्टी जमली ती प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी, परीक्षानळ्या धुता धुता. शमीरान असिरियन घरातली. तिचे वडील इराकमधून आलेले, गावात केस कापायचं दुकान चालवायचे. डेल्फिनाच्या आजोबांनी अझोर्स या पोर्तुगीज बेटांवरून येऊन गाईंचा मोठा गोठा उभा केला होता. एकीला फार्मसी करायची होती, दुसरीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. दोन वर्षं घरचं खाऊन गावच्या कॉलेजात काढायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं, हा आमच्या खोऱ्यातल्या मुलांचा शिरस्ताच. तोच त्यांचाही बेत होता.

दुसऱ्या वर्षाचा उंबरठा म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्री. विषय ऑगस्टमध्येच सुरू व्हायचा, शिकवणारे एकटे लिंडग्रेन सर, आणि प्रयोगशाळेत जागा चोवीस. तो हुकला की विद्यापीठ वर्षभर लांबलं. डेल्फिनाला जागा मिळाली. शमीरान प्रतीक्षायादीत पहिली राहिली. पहिल्या तासाला जो गैरहजर, त्याची जागा प्रतीक्षायादीतल्याला, असा सरांचा नियम होता.

तास सुरू व्हायच्या जरा आधी डेल्फिनाचा फोन आला. हायवेच्या वळणावर टोमॅटोचा ट्रक कलंडला होता आणि गाड्या जागच्या हलत नव्हत्या.

"शमी, अगं मी इथे टोमॅटोच्या रश्श्यात अडकलेय. सरांना सांग, येतेच आहे म्हणावं. माझं नाव काढू नका म्हणावं."

"सांगते," शमीरान म्हणाली. म्हणाली तेव्हा ती खरंच सांगणार होती.

सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. डेल्फिनाचं नाव आलं. त्यांनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं आणि नाव पुन्हा घेतलं. शमीरानने मनाशी काही ठरवलं होतं असं नाही. ती नुसती गप्प राहिली. सरांनी नावावर रेघ ओढली आणि शमीरानचं नाव पुकारलं. तिचा "हजर" इतका खणखणीत निघाला की तो ऐकून तिचीच मान खाली गेली.

डेल्फिना धापा टाकत आली तेव्हा तास सुटत होता. शमीरानने तिला जिन्यातच गाठलं. आपण सांगितलं, पण सरांनी ऐकून घेतलं नाही, असं ती बोलून गेली. डेल्फिना तशीच सरांकडे निघाली, तर शमीरानने तिचा हात धरला. आता कशाला जातेस, चारचौघांत पाणउतारा करतील, असं काहीबाही सांगून तिने तिला परत फिरवलं. डेल्फिनाने डोळे पुसले. मग पिशवीतून नवाकोरा डबा काढला. त्यात रेणू जोडायचे रंगीत गोळे आणि काड्या होत्या.

"घे. मला काय उपयोग आता? निदान तुझं तरी काम होऊ दे."

पुढच्या आठवड्यात शमीरान सरांच्या खोलीत गेली. मी विषय सोडला तर माझी जागा डेल्फिनाला मिळेल का, एवढंच तिने विचारलं. सर म्हणाले, नाही, ती यादीतल्या पुढच्याला जाईल. ते ऐकून तिला हायसं वाटलं. हे हायसं वाटणंच तिला पुढे सगळ्यात जास्त छळत राहिलं.

वर्षभर ती डेल्फिनाच्या गोळ्या-काड्यांनी रेणू जोडत राहिली. लिंडग्रेन सर माणूस मोठा मायाळू निघाला. कुणाचं अडलं तर तास संपल्यावरही थांबायचे, समजेपर्यंत फळा भरायचे. डेल्फिना मात्र कँटीनमध्ये त्यांना 'बर्फाची लादी' म्हणायची, त्यांच्या चालण्याची नक्कल करायची. सगळे हसायचे. शमीरानही हसायची, आणि मग ताट अर्धं टाकून उठायची. चेहरा उतरलेला बघून तिची यिम्मा, म्हणजे आई, म्हणायची की पोरगी अभ्यासाने वाळली.

वसंतात शमीरानला विद्यापीठाचा होकार आला. डेल्फिनाच्या आईने गोड पाव भाजून पाठवला. पाव घेऊन आलेल्या डेल्फिनाने सहज सांगितलं की त्या लिंडग्रेनच्या वर्गात ती पाऊल ठेवणार नाही. उत्तरेकडच्या दुसऱ्या कॉलेजात ती नाव घालणार होती. दीड तास जायला, दीड तास यायला. हिवाळ्यात त्या रस्त्यावर धुकं असं दाटतं की पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. दर वर्षी कुणाचा ना कुणाचा जीव जातोच.

दुसऱ्या दिवशी शमीरान गोठ्यावर गेली. डेल्फिना वासरांना बाटलीने दूध पाजत होती.

"डेल्फिना, सरांना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी दोनदा तुझं नाव घेतलं. मी गप्प बसले."

डेल्फिनाने बाटली खाली केली नाही. वासरू चुटूचुटू पीत राहिलं.

"आणि मी जायला निघाले, तर तूच मला अडवलंस."

"हो."

"वर्ष गेलं त्याचं मी बघून घेईन. पण त्या म्हाताऱ्याला मी काय काय बोलले, शमी. गावभर बोलले. आणि तू माझ्या शेजारी बसून हसत होतीस."

शमीरानने माफी मागितली. डेल्फिनाने ऐकून घेतलं आणि तिला घरी जायला सांगितलं. त्यानंतर ती फोन उचलेना. रेणूंचा डबा शमीरानने डेल्फिनाच्या आईकडे नेऊन दिला. ऑगस्टसाठी डेल्फिनाने लिंडग्रेन सरांच्याच वर्गात नाव घातलं आणि त्याआधी एकटीच जाऊन सरांची माफी मागून आली, हे शमीरानला इतरांकडून कळलं.

जूनमध्ये पोर्तुगीज लोकांचा पवित्र आत्म्याचा सण आला. त्या दिवशी त्यांच्या सभागृहात येईल त्याला जेवण असतं, गोमांसाचा रस्सा, कोबी, पुदिना आणि खाली पाव. शमीरान दारापर्यंत जाऊन दोनदा मागे फिरली, मग आत जाऊन लांब बाकावर बसली. वाढायला डेल्फिनाच होती. ती ओळीने वाढत आली, शमीरानच्या ताटलीत पाव ठेवला, त्यावर रस्सा ओतला.

"कोबी वाढू?" तिने विचारलं.

"वाढ थोडा."

तिने कोबी वाढला आणि पुढच्या माणसाकडे वळली. शमीरान मान खाली घालून जेवली. इथे येईल त्याला वाढतात, तसंच आपल्यालाही वाढलं, हे तिला कळत होतं. ताटलीत तिने काही टाकलं नाही. सप्टेंबरात ती विद्यापीठात गेली.