डोळ्यांवरचा रुमाल

दादाच्या कामात कुणी खोट काढली की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कमरेखालचं अंग बधिर करणारं त्याचं नवं इंजेक्शन सशांवर पास झालं, आता माणसांची पाळी. त्याला हर्नियाचं ऑपरेशन करायचंच होतं, म्हणून त्याने पहिलं नाव स्वतःचंच दिलं. वहिनी रडली, तर म्हणाला, "सशांना झेपलं, मला नाही झेपणार?"

प्रयोगशाळेत आम्ही दोघं भावंडं. मणक्यात इंजेक्शन दिलेल्या सशाचा पाय रोज चिमट्याने दाबायचं काम त्याचं. पाय ओढला की संवेदना परतली असं धरायचं. नाही ओढला, तर त्या सशाला मारून मज्जातंतू तपासायचं काम माझं. दादा लाडाने बोलत, चिमटा हातात घेऊन समोरून जायचा. एकूण एक ससा पाय ओढायचा. मला कापायला काही उरलंच नाही, याचा त्याला कोण अभिमान!

त्याला ऑपरेशनला नेलं त्या सकाळी मी पिंजरे बघत होते. त्याच्या सगळ्यात लाडक्या सशाने, लाडोबाने, स्वतःच्या मागच्या पायाची बोटं कुरतडून लाल केली होती, आणि तो मजेत पाला खात होता. जखम पुसताना तो बिथरू नये म्हणून मी त्याच्या डोळ्यांवर रुमाल टाकला. सहज चिमटा लावला. काहीच नाही. जोरात दाबला. नाहीच. रुमाल काढून चिमटा नुसता दाखवला, तर स्पर्श व्हायच्या आधीच पाय मागे!

चिमटा टाकून मी धावले. हॉस्पिटलला फोन केला.

"इंजेक्शन कधीच दिलं," नर्स म्हणाली. "गप्पा मारतायत."

लाडोबाला मीच मारलं. त्याच्या मणक्यातल्या मज्जातंतूंचा तुकडा गोठवून काप काढले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तंतू फुगून जागोजागी तुटले होते. दादाचा असा संताप आला की रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी तो उशांना टेकून बसला होता. पाय हलवून दाखवत होता. मी चिमटा पुढे केला, त्याने झटकन पाय ओढला.

"आई गं! कळलं बघ. आता तरी मान."

"दादा, डोळे मीट."

"लहान आहे का मी?"

वहिनीचा रुमाल घेऊन मीच त्याच्या डोळ्यांवर धरला. दुसऱ्या हाताने त्याच्या पायाचा अंगठा चिमट्यात दाबला, कातडी पांढरी पडेपर्यंत. वहिनी तोंडावर हात ठेवून बघत होती.

"अगं, दाब ना लवकर," दादा हसत म्हणाला. "किती वेळ लावतेस?"