नमुन्याची गादी

"डावीकडे गेलीस," तो गल्लीच्या पलीकडून म्हणाला.

"तिथून दिसतंय तरी काय तुम्हाला?"

"तुझं कोपर दिसतंय. सरळ टाक्याला कोपर असं बाहेर जात नाही. उसव."

तिने दाभण गादीत खोचलं, कपाळाला चिकटलेला कापूस मनगटाने पुसला आणि मुकाट्याने टाका उसवायला घेतला. गाळ्यात जिकडे तिकडे कापूस होता, पायाखाली, केसांत, पापण्यांवरसुद्धा. मधोमध निळ्या पट्ट्यांची गादी पसरलेली. आणि तो समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर, तोंडाला रुमाल बांधून बसलेला. गल्ली अरुंद होती म्हणून बरं. रुंद असती तर ओरडून सांगण्याइतका दम आता त्याच्यात उरला नव्हता.

जन्मभर त्याने दुसऱ्याच्या कारखान्यात गाद्या भरल्या. त्याच्या टाक्यांची ओळ दोरी धरून आखल्यासारखी असायची, म्हणून कारखान्यात सगळे त्याला दोरीमास्तर म्हणत. मालकाने नवीन पोरं शिकायला त्याच्याकडे धाडावीत आणि पोरांनी डोळे पुसत परत यावं, असा प्रकार. कौतुक त्याच्या जिभेला कधी शिवलंच नाही. तिने जीव ओतून केलेल्या स्वयंपाकालाही "चालेल" यापलीकडे कधी काही मिळालं नव्हतं.

त्याच कापसाने त्याची छाती धरली. आधी जिना चढताना धाप लागायची, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी कापसापासून लांब राहायला बजावलं तेव्हा त्याने कारखाना सोडला, पण गादी काही डोक्यातून गेली नाही.

"आता आपलंच दुकान," तो म्हणाला. "हात तुझे, नजर माझी."

"मला धड बटण लावता येत नाही, आणि गाद्या शिवू?"

"कोरी आहेस तेच बरं. खोडी मोडत बसायला नकोत."

तसे ते कामाला लागले. गाळ्यात पूर्वी सायकली दुरुस्त व्हायच्या. फरशीत मुरलेलं तेल तिने गुडघ्यांवर बसून घासून काढलं. शटरला रंग दिला. खोळी ठेवायला फळ्या ठोकून घेतल्या. दिराने कुठूनसा एक जुना वजनकाटा पैदा केला. दीर टेम्पो चालवायचा आणि त्याच्या टेम्पोसारखंच त्याचं तोंडही सारखं चालू असायचं. "पहिली गादी मीच पोचवणार," त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "हॉर्न वाजवत, वरात काढून!"

या सगळ्या तयारीत तिची स्वतःची एक तयारी होती. गाळ्याची किल्ली हातात आली त्या दिवशी तिने देवासमोर उभं राहून साखर सोडली. गिऱ्हाइकासाठी शटर वर जाईल त्या दिवशीच पुन्हा घ्यायची. मागणं काही फार नव्हतं. जाण्याआधी या माणसाने एकदा तरी स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकाला गादी दाखवावी, एवढंच.

"वहिनी, देवाला कळवलंत ते ठीक आहे," दीर म्हणायचा, "पण दादाला कळवलंत का? तुमच्या वाटची साखर तो आपल्या चहात ढकलतो. देवाच्या दप्तरी जमाखर्च बरोबरीचाच!"

पहिली गादी विकायची नव्हती. ती नमुन्याची. दारात उभी करायची, येणाऱ्याने तिच्यावरून हात फिरवायचा, कडा दाबून बघायच्या. तिच्यावर कोणी झोपायचं नाही, बसायचंही नाही. एकदा कंबर फार दुखली म्हणून ती काठाला जराशी टेकली, तर तो पलीकडून ओरडला, "ऊठ! नमुना आहे तो, बाकडं नाही!" ओरडला आणि खोकत सुटला. खोकला थांबेपर्यंत ती गल्ली ओलांडून त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. घरी त्या दोघांना स्वतःची अशी गादी कधीच नव्हती. कारखान्याच्या झाडलोटीतून गोळा केलेला कापूस भरलेलं एक पातळसं अंथरूण होतं. त्यावरच संसार झाला.

तपासणीचा निकाल घ्यायचा होता त्या दिवशी दीर त्याला टेम्पोतून घेऊन गेला. ती मुद्दामच मागे राहिली. शेवटची ओळ तेवढी उरली होती. ते परत यायच्या आत ती संपवायची, आणि आज त्याला रागावायला जागाच ठेवायची नाही, असं तिने मनाशी ठरवलं. तोंडाने नाम चालू होतं, हात चालू होता. पण मन काही हातात नव्हतं. मधेच कुठेतरी त्या पांढऱ्या भिंतींच्या दवाखान्यात गेलं, आणि दोरा सुटला. टाका बोटभर खाली घसरला. तिला दिसलं. पुढचे टाके घालून झाल्यावर दिसलं. आता उसवायचं तर अर्धी ओळ उसवायला हवी. तिने दोरा कापायला कात्री उचलली तेवढ्यात टेम्पो आला.

हॉर्न वाजला नाही.

तो उतरला. समोरच्या पायरीकडे गेलाच नाही. सरळ गाळ्यात आला.

"अहो, रुमाल! रुमाल कुठाय?"

"असू दे."

तो भिंत धरून वाकला, मग गुडघ्यावर बसला. शेवटच्या ओळीवरून त्याने अंगठा फिरवत नेला. घसरलेल्या टाक्याशी अंगठा अडला.

"छान झालीय," तो म्हणाला.

तिला वाटलं, चुकीचं ऐकलं.

"तो टाका घसरलाय."

"दिसत नाही."

"दिसतोय की. गल्लीपलीकडून दिसेल."

"छान झालीय गं. हात धुऊन घे."

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी तिचे कान आसुसले होते, तो असा आला, आणि तिने कात्री फळीवर ठेवून दिली. पुढे वेळ असेल तर माणूस उसवायला सांगतो.

ती बाहेर आली. दीर टेम्पोची काच पुसत होता. काच स्वच्छच होती.

"काय म्हणाले?"

"वहिनी..." त्याने फडकं पिळलं. ते कोरडंच होतं. "आता सपाट झोपवू नका म्हणाले. टेकून बसवायचं. खाली जाड, मऊ काहीतरी हवं, नाहीतर पाठ सोलवटते."

"आणि औषध?"

"दिलंय. झोप लागावी म्हणून."

पुढचं तिने विचारलं नाही. वळून गाळ्यातल्या गादीकडे बघितलं.

"भावोजी, टेम्पो रिकामाच आहे ना?"

दीर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. फडकं खांद्यावर टाकून त्याने टेम्पोचं मागचं फळकं खाली पाडलं.

दोघांनी गादी उचलली तेव्हा तो दाराशी आडवा आला. "अगं, नमुना आहे तो."

"हो. गिऱ्हाइकाने हात फिरवून बघायचाय," ती म्हणाली.

शटर तिनेच खाली ओढलं. वरच्या मजल्यावर गाळ्याच्या मालकीणबाई राहत, त्यांच्याकडे ती जिना चढून गेली. "काय गं, कधी उघडताय?" त्यांनी दारातूनच विचारलं. तिने किल्ली पुढे केली.

"काकू, दुसऱ्या कुणाला हवा असेल तर देऊन टाका."

"अगं, थांबते की मी. मला कुठे घाई आहे?"

"नको. किल्ली घरात दिसली की त्यांना वाटेल, उठून जावं."

गादी घरी पोचली, हॉर्नही नाही नि वरातही नाही. अर्धी भिंतीला उभी टेकवली, अर्धी जमिनीवर. त्यावर बसल्यावर तो आणखीच लहान दिसायला लागला. पातळ अंथरूण तिने घडी करून कोपऱ्यात ठेवलं.

"कशी वाटतेय?" तिने विचारलं.

त्याने पाठ जरा हलवून बघितली. डोळे मिटले.

"चालेल."

तिला हसू आलं. तोंड फिरवून ती चहा करायला उठली. त्याच्या कपात साखर घालून ढवळली आणि आपला कप नुसताच भरला.

"तुझ्यात घातलीस?" त्याने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"सवय गेली आता."

दोन घोट घेऊन त्याने कप खाली ठेवला. त्याचा उजवा हात गादीच्या काठाशी गेला आणि अंगठा आपोआप शेवटच्या ओळीवरून चालायला लागला, एक टाका, मग दुसरा, मधे श्वासासाठी थांबत. तिने आपला कप हातातच धरला.

अंगठा घसरलेल्या टाक्यापाशी आला.

तो 'उसव' म्हणेल म्हणून ती वाट बघत राहिली. चहा निवला. अंगठा त्या टाक्यावर तसाच राहिला, त्याला झाकून.