भांडत राहा, आपण जिंकतोय

तळ्याकाठचं एक घर दरवर्षी आठवडाभर भाड्याने घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून आनंदात राहायचं, अशी त्या कुटुंबाची पद्धत होती. आनंदात राहणं जमलं नाही तर निदान मिळून तरी राहायचं. गेल्या वर्षापासून दोन्हीचे वांधे होते. थोरला आणि धाकटा यांच्यात दीड वर्ष विस्तव जात नव्हता.

कारण राजकीय होतं, म्हणजे घरगुतीच होतं. थोरल्याचं औषधांचं दुकान. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागायला यायचं आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल व्याख्यान घेऊन जायचं. "मग तुम्हीच उभे राहा की," असं लोक म्हणू लागले. बहुधा लवकर सुटका व्हावी म्हणून म्हणत असावेत, पण थोरल्याने ते मनावर घेतलं आणि नगरपालिकेला अपक्ष उभा राहिला. मतदानाच्या आदल्या दिवशी जेवताना त्याने धाकट्याला लाडाने विचारलं, "काय रे, मत कुणाला?"

धाकट्याचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. सगळ्या पक्षांच्या सभा त्याच्याच कर्ण्यांतून ओरडायच्या, त्यामुळे कोण काय बोलतं याच्याशी त्याला घेणंदेणं नसे. आवाज फाटत नाही ना, एवढंच तो बघे. असा माणूस वेळेला गोड खोटं बोलेल अशी कुणाचीही अपेक्षा असती. तो म्हणाला, "तुला नाही. बटाटे सरकव जरा."

थोरला पडला. एका मताने पडला असता तर काही शान तरी राहिली असती. तो सपाटून पडला. ज्यांनी ज्यांनी मत दिलं नाही त्या अख्ख्या गावाला त्याने उदार मनाने माफ केलं आणि गावाचा सगळा राग एकट्या धाकट्यावर काढला. सोयीचं होतं. गाव मोठं होतं, धाकटा एकच होता.

या दोघांच्या मधोमध मधली. वयाने मधली आणि गेलं दीड वर्ष कामानेही. ती गाडी शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा, आणि समोरून ट्रक येत असताना "छान, छान, आता थोडं डावीकडे" असं म्हणायचं, हा तिचा पेशा. घरातही जेवणाच्या टेबलावर विषय निवडणुकीकडे वळला, की तिचा पाय आपोआप फरशीत रुतायचा. टेबलाला ब्रेक नव्हता, तरी.

"ताई, दादाला विचार, मीठ झालं का त्याचं?" धाकटा म्हणायचा. दादा हातभर अंतरावर बसलेला असायचा.

"त्याला सांग, मिठाने रक्तदाब वाढतो," थोरला मिठाचं भांडं कवटाळून म्हणायचा.

"दादा म्हणतोय, घे," असं म्हणून मधली मीठ पुढे करायची. तिचा भाषांतराचा हात चांगलाच बसला होता. थोरल्याचं "त्या गाढवाला सांग" तिच्याकडून निघताना "दादा विचारत होता" होऊन निघायचं. धाकट्याचं "माजी उमेदवारांना कळव" पोचेपर्यंत नुसतं "अरे दादा" उरायचं. दीड वर्षात तिने इतकी विषारी वाक्यं गिळली होती, की आपल्याला अजून काही कसं झालं नाही याचं तिलाच नवल वाटे.

यंदा आल्या दिवशीच घरमालकिणीने विचारलं होतं, "पुढच्या वर्षी हाच आठवडा धरायचा ना? दुसरे लोक मागे लागलेत. निघायच्या सकाळी नक्की सांगा."

"बघू," बाबा म्हणाले होते. बाबांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई म्हणाली, "कशाला धरायचा? मुक्यांची शाळा भरवायला?" आणि घड्या घातलेले टॉवेल उलगडून तिने पुन्हा घड्या घालायला घेतल्या. आई या एका आठवड्यावर वर्ष काढायची, हे मधलीला माहीत होतं. ते टॉवेल बघून तिने ठरवलं, या दोघांना निघायच्या आधी बोलतं करायचंच. तळ्यावर तिने दोघांना एकाच होडीत बसवलं. ते पाठीला पाठ लावून बसले आणि होडी एका जागी गोल गोल फिरत राहिली.

सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी गावच्या फुटबॉल संघाचा कपासाठीचा अंतिम सामना होता.

बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात जळत्या इमारतीत शिरताना त्यांनी कधी देवाचं नाव घेतलं नाही, पण गावच्या संघाचा सामना असला की त्यांच्याइतका भाविक माणूस सापडला नसता. त्यांचा नियम एकच: आपला गोल झाला त्या क्षणी जो जे करत होता, ते त्याने सामना संपेपर्यंत करत राहायचं. जगाची घडी नेमकी बसली म्हणूनच गोल झाला ना? मग ती विस्कटायची कशाला? मागे एकदा शेजारचे गृहस्थ शिडी मागायला आले आणि इकडे गोल झाला. बिचारे शेवटची शिट्टी होईपर्यंत दारात शिडीशिवाय उभे होते. संघ जिंकला. बाबांनी त्यांना शिडी कायमची देऊन टाकली.

तर दुपारी सगळे टीव्हीपुढे बसले. थोरला सोफ्याच्या या टोकाला, धाकटा त्या टोकाला, मध्ये अर्थातच मधली. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. तो खुर्चीत बसून तळ्यावरून भिजून आलेले मोजे बदलत होता. नातवंडं बाहेर पाण्यात होती. पहिला अर्धा खेळ असा झाला, की दोन्ही संघांना चेंडूची किळस आलीये असं वाटावं.

मध्यंतरानंतर कॅमेरा सहज मान्यवरांच्या कक्षाकडे वळला. तिथे गळ्यात संघाचा कोरा करकरीत मफलर घालून, हात हलवत, थोरल्याला पाडणारा नगरसेवक बसला होता.

"बघा," थोरला टीव्हीला म्हणाला. "ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नाही. फुकटचं तिकीट."

मधलीचा पाय फरशीत रुतला. उशीर झाला होता.

"निवडून आलं की मिळतं," धाकटा म्हणाला.

हेही टीव्हीलाच म्हटलं होतं, असं म्हणता आलं असतं. पण थोरला थेट त्याच्याकडे वळला. "काय म्हणालास?"

"ऐकू आलं ना? माझा आवाज कुठे फाटत नाही."

"तुझा आवाज! त्याच्या सभांना कर्णे कुणी लावले रे? सख्ख्या भावाच्या विरोधात?"

"तुला पण लावणार होतो! तूच म्हणालास, घराणेशाही दिसेल. मग आणलास तो दुसरा कर्णेवाला. तुझ्या प्रत्येक भाषणात माइक तुझ्यापेक्षा जास्त वेळ किंचाळत होता."

"लोकांना माझे विचार ऐकायचे होते, माइक नाही!"

"म्हणून तर लोक माइकवर खूश होते!"

आई टॉवेल हातात घेऊन दारात धावत आली. डॉक्टर एका पायात मोजा घालून थबकला. मधली दोन्ही हात पसरून "अरे, अरे" म्हणत मध्येच उभी राहिली. आणि त्याच क्षणी, बाहेर जाणारा चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला.

गोल.

बाबा खुर्चीतून उडाले. मग त्यांना नियम आठवला आणि ते तसेच, अर्धे उठलेले, राहिले. "कुणीही हलू नका!" ते ओरडले. "जो जसा आहे तसा! आणि तुम्ही दोघं... तोंडं का मिटलीत? भांडा!"

"बाबा?" थोरला म्हणाला.

"चालू ठेवा! कुठे होता तुम्ही? माइकवर होता. पुढे!"

"अहो, दीड वर्षांनी पोरं एकमेकांशी..." आई दारातून म्हणाली.

"तेच म्हणतोय! दीड वर्ष भांडण साठवलंय, आज उपयोगी पडतंय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात समोरच्यांचा एक फटका आपल्या खांबावर आदळून परत आला, आणि बाबांनी जळत्या घरातून हाक मारावी तशी हाक मारली, "अरे बोला रे!"

"तू अप्पलपोटा आहेस," थोरला घाईघाईने म्हणाला. खेळ मैदानाच्या मध्याकडे सरकला.

"आणि तू दुकानात लोकांना कोंडून भाषण देतोस," धाकटा म्हणाला. आपल्याला कॉर्नर मिळाला.

"शाबास!" बाबा म्हणाले.

माणसाने उत्स्फूर्त भांडावं ते वेगळं, आणि संघासाठी भांडावं ते वेगळं. थोड्याच वेळात दोघांचा माल संपत आला. नगरपालिका झाली, कर्णे झाले, धाकट्याने उसनी नेऊन आपटलेली गाडी झाली, थोरल्याच्या लग्नातला बँड झाला. आयुष्यभर ज्यांनी आग विझवायचं काम केलं ते बाबा अर्धे वाकून तेल ओतत होते: "त्या पतंगाचं काढ की! नाही, त्याच्या बायकोला मध्ये आणू नकोस, ती इथे नाही." डॉक्टरचा उघडा पाय गार पडला होता. मधलीचे पसरलेले हात दुखायला लागले होते.

"शेवटचं विचारतो," थोरला म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "मत का नाही दिलंस?"

"जाहीरनाम्यात काय लिहिलं होतंस? जुन्या मैदानावर गाड्या लावायची सोय करणार."

"मग? गाड्या लावायला जागा नको गावात?"

"त्या मैदानात तू मला गोलात उभा करायचास."

"तू जाडा होतास. अर्धा गोल आपोआप भरायचा."

"तिथे माझं नाक फुटलं होतं. तू शर्ट काढून नाकाला धरलास आणि मला पाठुंगळीला मारून उघडाबंब गावातून घरी आलास. सगळी दुकानं हसत होती. अन् तिथे तू गाड्या लावणार? मी मत देऊ त्याला?"

थोरला गप्प झाला. बाबांनी टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये काळजीने मान फिरवली.

"मग हे तेव्हा का नाही बोललास?" थोरला म्हणाला. "नुसतं 'तुला नाही' आणि बटाटे."

"तू पुढचं विचारलंच नाहीस. ताटावरून उठून गेलास."

"मी हात धुवायला गेलो होतो."

"मग दीड वर्ष हात धूत होतास का?"

आधी डॉक्टर हसला. तो बाहेरचा, त्याला काय. मग थोरल्याच्या नाकातून एक विचित्र आवाज आला आणि तो सोफ्यावर आडवा होऊन हसायला लागला. धाकटाही लागला. आणि टीव्हीवर चेंडू आपल्या गोलकीपरच्या दोन पायांमधून, कुणाला त्रास न देता, आत गेला.

"झालं समाधान?" बाबा ओरडले. "एक-एक! अरे भांडा, थोडाच वेळ राहिलाय!"

"तू... गाढव आहेस," थोरला डोळे पुसत म्हणाला.

"तूच गाढव," धाकटा म्हणाला, पण इतक्या मायेने, की समोरच्यांना लगेच फ्री किक मिळाली.

बाबांची नजर मधलीवर पडली. "तू! तुला सगळं माहीत आहे. दीड वर्ष निरोप तूच नेलेस. खरं काय काय बोलले हे एकमेकांबद्दल, ते सांग! एकच सांग, तिखटातलं!"

मधली हात पसरून उभी होती. माल तर तिच्याकडे भरपूर होता. थोरला धाकट्याच्या धंद्याबद्दल एकदा जे म्हणाला होता, त्याने नुसता कपच काय, पुढच्या मोसमातले सामनेही जिंकले असते. धाकटा थोरल्याच्या जप्त झालेल्या डिपॉझिटबद्दल जे म्हणाला होता, त्याने तर गाव जगज्जेतं झालं असतं. बाबांनी या कपासाठी किती वर्षं वाट पाहिली होती तेही तिला ठाऊक होतं. ती बाबांकडे बघत राहिली, मग दारातल्या आईकडे. आईने टॉवेल छातीशी घट्ट धरला होता.

"सांग की गं!"

"मला काही आठवत नाही, बाबा," मधली म्हणाली, आणि हात खाली सोडून दोघांच्या मध्ये बसली.

समोरच्यांनी फ्री किक मारली. ती कुठे गेली हे सांगायला नको.

त्या संध्याकाळी बाबा कुणाशी बोलले नाहीत. थोरला आणि धाकटा मात्र भरभरून बोलले. आधी कोण हसलं यावर त्यांचं जोरदार वाजलं. "तुझ्या नाकातून आवाज आला म्हणून!" "तू हात धुण्याचं काढलंस म्हणून!" आई दोघांना "हळू बोला रे, लोक काय म्हणतील" असं म्हणत होती, पण तिने दार-खिडक्या काही लावून घेतल्या नाहीत.

सकाळी सामान गाडीत चढत असताना घरमालकीण फाटकाशी आली. "मग, काय ठरलं?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा डिकीत एक बॅग उगाचच इकडून तिकडे करत होते. त्यांचा चेहरा अजून कालच्याच सामन्यात होता.

"धरा," ते बॅगेला म्हणाले. मग वळून मुलांकडे बोट रोखलं. "पण हे असलं अर्धवट, पाणचट भांडण चालायचं नाही. दुसऱ्या अर्ध्यात दम संपतो तुमचा. पुढच्या वर्षी काहीतरी ताजं, जोरकस घेऊन या."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. "पोटनिवडणूक लागतेय पुढच्या वर्षी."

"उभा राहतोयस?"

"राहीन म्हणतो."

"मैदान?"

"मैदान मैदानच राहू दे."

धाकट्याने जरा विचार केला. "मग बाबांच्या भांडणाचं कसं होणार?" तो म्हणाला. "मी मत देईन की तुला."