पुढची सीट

शर्टाला दोन बाह्या होत्या, त्याबद्दल वाद नव्हता. वाद एवढाच होता, की दोन्ही एकाच बाजूला होत्या.

शिवणबाईंनी तो शर्ट मॅडमच्या टेबलावर आपटला. "हे बघा! आता मी काय करू? डोकं फोडून घेऊ?"

मॅडमनी शर्ट उचलून उजेडात धरला. त्यांना हसू येत होतं, पण शिवणबाईंचा अवतार पाहून त्यांनी ते खोकल्यावर निभावलं. दाराशी गाडीच्या चावीने कान कोरत ब्रेककाका उभे होते. त्यांना हसू दाबायची काही गरज वाटली नाही. ते खो खो हसले.

ब्रेककाका म्हणजे ऑफिसचे ड्रायव्हर. माणसांची चोरटी खरेदी-विक्री करणाऱ्यांना पकडायचं आणि त्यांच्या तावडीतून सोडवलेल्यांना सांभाळायचं, यासाठी सरकारने एक खातं काढलं होतं. त्याची ही शाखा. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणापलीकडे सोडवलेल्या बायकामुलींचं निवासघर आणि एक पांढरी व्हॅन. व्हॅन काकांची. म्हणजे होती सरकारचीच, पण हे काकांना तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. लांबवर मांजर दिसलं तरी ते ब्रेक मारत, म्हणून ब्रेककाका. आपल्या शेजारच्या सीटवर कोणी बसायचं नाही, असा त्यांचा कायदा होता. तिथे काकांचा डबा बसे, पाण्याची बाटली बसे, छत्री बसे आणि काच पुसायचं फडकं बसे. मॅडमसुद्धा मुकाट्याने मागे बसत.

शर्टाची कारागीर खाली मान घालून उभी होती. निवासघरात तिला सगळ्या जणी ‘उसवणी’ म्हणत, कारण तिने शिवलेलं सगळं नंतर उसवावं लागे. तिलाही ते नाव आवडे. जुन्या नावाने तिला फार लोकांनी हाका मारल्या होत्या, त्यापेक्षा हे बरं, असं ती म्हणायची.

पण आज मामला नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिची निवासघरात राहायची मुदत संपत आली होती. एकदा वाढवून मिळाली होती, आता पुन्हा मिळणार नव्हती. हाताला काम असेल, तर बाहेर खोली बघून तिची सोय लावता येणार होती. काम नसेल, तर नातेवाइकांकडे. आणि नातेवाईक म्हणून तिला जगात एक आत्या होती.

हीच ती आत्या, जिने ‘हॉटेलात चांगली नोकरी आहे’ म्हणून तिला एका गाडीत बसवून दिलं होतं. त्या गाडीने जिथे नेऊन टाकलं, तिथून बाहेर यायला उसवणीची उमेदीची वर्षं गेली. कोर्टात आत्याने असा काही गळा काढला, ‘मलाही फसवलं हो त्या मेल्यांनी’, की पुराव्याअभावी ती सुटली. आता तिचे फोनवर फोन येत. माझ्या भावाची लेक आहे, मी नाही सांभाळणार तर कोण, वगैरे. तिचा तो साखरेत घोळलेला आवाज ऐकला, की काकांच्या अंगाचा तिळपापड होई.

"मग तुला शिकायचंय तरी काय, बाई?" मॅडमनी विचारलं.

"गाडी," उसवणी म्हणाली.

"गाडीचं काय?"

"चालवायची."

काका पुन्हा हसले. या वेळी मात्र ते एकटेच हसले. मॅडम शर्टाकडे, मग उसवणीकडे, मग काकांकडे बघत होत्या आणि ती नजर काकांना मुळीच आवडली नाही. त्यांनी चावी हळूच खिशात टाकली.

मॅडमनी वरच्या साहेबांना फोन लावला. मॅडम एरवी शांत बाई, पण फोनवर साहेब असले की त्यांना वेगळंच स्फुरण चढे. "हो साहेब, योजना शिवणकामाचीच आहे. पण तिच्यात ‘शिवणकाम इत्यादी’ लिहिलंय. मग हे इत्यादी समजा... नाही साहेब, पापड म्हणजेच इत्यादी असं कुठेही म्हटलेलं नाही... आणि सुटकेच्या गाडीवर बाई ड्रायव्हर हवी म्हणून जागा तुम्हीच मंजूर करून आणलीत ना? आली का एक तरी बाई? जागा धूळ खात पडलीय, साहेब!"

शेवटी साहेब म्हणाले, "बघा काय ते."

"बघा काय ते म्हणजे हो," मॅडमनी फोन ठेवत जाहीर केलं. "काका, उद्यापासून तुम्ही हिला शिकवा."

"मी? कोणाच्या गाडीवर?"

"सरकारच्या," मॅडम म्हणाल्या. म्हणजे छाती असलेलं कोणीतरी निघालं एकदाचं.

काका घरी गेले ते फणफणतच. बायकोला सगळं सांगितलं. तिने सांत्वन करावं अशी त्यांची अपेक्षा होती. ती म्हणाली, "मला इतक्या वर्षांत स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाहीत. बरी जिरली."

दुसऱ्या दिवशी अंगणात शिकवणी सुरू झाली. काका जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत डाव्या-उजव्याची अदलाबदल करून शेजारच्या सीटवर बसले. डबा मांडीवर, बाटली पायात, छत्री काखेत. खिडक्यांमधून सगळं निवासघर बघत होतं.

"क्लच दाब. क्लच! अगं, तो ब्रेक! देवा रे... गिअर म्हणजे काय पोळपाट-लाटणं आहे का एवढा जोर लावायला? हळू. आरशात बघ. स्वतःला नको बघूस, मागचं बघ!"

गाडी आचके देत निघाली आणि फाटकाजवळच्या कुंडीत जाऊन थांबली. कुंडीचे दोन तुकडे झाले. खिडक्यांमधून टाळ्या पडल्या. काकांनी डबा घट्ट पकडला आणि डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा उसवणी हसत होती. अशी मोकळी हसताना त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे ओठांवर आलेली शिवी त्यांना गिळावी लागली.

पण पोरगी शिकली! शिवणात जिची बाही म्हणून कधी जागेवर बसली नाही, ती गाडी मात्र अरुंद बोळात पाठीमागून बरोब्बर बसवायला लागली. काका घरी येऊन बायकोला तिच्या तक्रारी सांगत, आणि बायको म्हणे, "कौतुक करताय की गाऱ्हाणं सांगताय?"

मग एक दिवस काकांनी गाडी रस्त्यावर काढायचं ठरवलं. फाटकाबाहेर पडताना ते सवयीने म्हणाले, "दारं लॉक कर."

ड्रायव्हरच्या दारावर एक बटण होतं. ते दाबलं, की सगळी दारं एकदम खट् करून बंद होत आणि मागची दारं आतून उघडत नसत. उसवणीचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने गाडी कडेला घेतली.

"काय झालं गं? बरं वाटत नाही का?"

"आत्याने मला बसवून दिलं ना, त्या गाडीत," ती समोर बघत म्हणाली, "ती बाहेरून हात हलवत होती. मीही हलवत होते. मग असाच आवाज झाला. खट्. तेव्हा मला कळलं."

काकांनी हात लांब करून इंजिन बंद केलं.

"आणि मग तुम्ही सगळे मला सोडवायला आलात. तुमच्या गाडीत बसले. पुन्हा खट्."

"अगं, ते तुमच्याच भल्यासाठी असतं! एकीने घाबरून चालत्या गाडीतून उडी टाकली होती. तेव्हापासून नियमच आहे."

"ठाऊक आहे आता, काका. पण मागे बसलेल्याला दोन्ही खट् सारखेच ऐकू येतात." मग ती जरा हसली. "त्या दिवशी मी तुमच्या पाठीकडे बघत होते. म्हटलं, बटण ज्याच्या हाताशी असतं, तिथे बसायला मिळालं पाहिजे."

किती जणींना काकांनी या गाडीतून आणलं होतं, आणि दर वेळी मोठ्या अभिमानाने ते बटण दाबलं होतं. त्या दिवशी घरी बायकोला हे सांगताना ते नीट जेवलेही नाहीत.

"इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"कोणी पुढे बसलंच नाही ना," काका म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं.

लायसन्सची परीक्षा नेमकी मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात आली. परीक्षक जाडजूड, घामेजलेले आणि सकाळपासून नापास करून करून दमलेले. ते उसवणीशेजारी, काकांच्या सीटवर जाऊन बसले. काका बाहेर मैदानाच्या कडेला उभे राहून नखं खात होते. स्वतःच्या पोराच्या परीक्षेला त्यांनी एवढी नखं खाल्ली नव्हती.

गाडी जागची हलेना. आत काहीतरी बोलणं चाललं होतं. मग परीक्षकांनी आपलं दार उघडलं, बंद केलं, आणि गाडी सुरळीत निघाली. वळली, थांबली, चढावर अडली नाही, मागे येऊन दोन खांबांच्या मधोमध उभी राहिली.

परीक्षक हसत उतरले. "मी दारं लॉक करा म्हटलं, तर ही म्हणते, साहेब, आधी तुमचं दार आतून उघडतंय का बघून घ्या. मगच बटण दाबते. एवढी वर्षं लोकांशेजारी जीव मुठीत धरून बसतोय, हे कोणी विचारलं नव्हतं मला!"

"पास ना?" काकांनी विचारलं.

"पास हो! मग तुम्ही का रडताय?"

"डोळ्यात धूळ गेली," काका म्हणाले. मैदान सिमेंटचं होतं.

येताना गाडी उसवणीनेच चालवली. ऑफिसच्या अंगणात शिरले, तर पायरीवर आत्या. बरोबर नवी कोरी पिशवी, डोळ्यांना पदर. मॅडम दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"आलीस गं माझी बाय!" आत्याने हात पसरले. "किती वाळलीस! चल, तुला न्यायला आलेय. झालं गेलं विसरून जा."

काकांच्या ओठांवर चार कडक शब्द आले होते. पण उसवणी खाली उतरली आणि त्यांच्याआधी बोलली.

"इतक्या लांबून आलीस, आत्या? दमली असशील. मीच सोडते तुला घरी." तिने व्हॅनचं मागचं दार उघडलं. "बस."

आत्याने उघड्या दारातून आत पाहिलं. मग उसवणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

"नको गं... मी जाईन माझी. बस मिळेल ना."

"बस की. माझीच गाडी आहे. मी काय परकी आहे का?"

"नको म्हटलं ना!" आत्या मागे सरली.

"का गं? कुठे नेतील ते माहीत नसलं की भीती वाटते ना?"

निवासघराच्या खिडक्या भरलेल्या होत्या. आत्याच्या ओठांवरची साखर कुठल्या कुठे गेली. तिने पिशवी उचलली आणि मागे न बघता फाटकाबाहेर चालती झाली. उसवणीने दार लावलं. मॅडमनी येऊन तिला कुशीत घेतलं आणि तेव्हा कुठे ती ढसाढसा रडली.

धूळ खात पडलेल्या जागेवर उसवणी रुजू झाली. कामाची माहिती व्हावी म्हणून सुरुवातीला काका तिच्या शेजारी बसत. डबा, बाटली, छत्रीसकट. ब्रेक नसलेल्या जागीसुद्धा पायाने ब्रेक मारत.

पहिलाच छापा भर दुपारी पडला. पोलिसांनी एका घराच्या मागच्या खोलीतून एका मुलीला बाहेर आणलं. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. व्हॅनच्या मागच्या दाराशी आली आणि तिथेच खिळली. महिला पोलीस समजावत होती, "बस गं, आम्ही आहोत ना, घाबरू नकोस." मुलगी नुसतं त्या दाराकडे बघत होती.

उसवणीने काकांकडे पाहिलं.

काकांनी एक सुस्कारा सोडला. डबा उचलला, बाटली उचलली, छत्री काखेत मारली, फडकं खांद्यावर टाकलं आणि उतरून मागे जाऊन बसले.

"इकडे ये, पुढे बस," उसवणी मुलीला म्हणाली. "हे दार तुझं. हा खटका बघ, असा ओढला की उघडतं. कधीही ओढ. तू हात लावलास की मी गाडी थांबवेन. उघडून बघ."

मुलीने दार उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. मग परत उघडलं.

मागे पोलिसांच्या गाडीने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. काकांचा पारा चढला. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ते ओरडले, "अहो, थांबा की जरा! दार बघतेय ती!"

हॉर्न बंद झाला. मुलीने आणखी एकदा दार उघडून बघितलं. मग ते स्वतःच्या हाताने ओढून घेतलं आणि उसवणीला म्हणाली, "चला."